डाव्या बाजूची काच

विल्सनदादाचं पत्र गुरुवारी आलं. अक्षर शेजाऱ्याचं होतं, सही तेवढी दादाची. उजवं अंग गेल्यापासून तो डाव्या हातानं सही करायला शिकत होता आणि ती पहिलीतल्या मुलासारखी ओळ सोडून वर गेली होती. मजकूर थोडकाच. मुलगा बदली होऊन बायकोसह लांब गेला. इथं बघायला कोणी नाही. सोमवारी सकाळी वृद्धाश्रमाची गाडी मला न्यायला येणार आहे. तू म्हणतोस तसं तुझ्याकडे यायचं, तर तुला रविवारी यावं लागेल. एस.टी.त मला बसवत नाही.

योहान मास्तरांनी थोरल्या भावाचं ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि आतल्या खोलीतली दुसरी खाट झटकली. बायको, सारा, वारल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या खाटेवर कोणी झोपलं नव्हतं. तिच्यावर वर्तमानपत्रं, जुन्या वह्या आणि एक छत्री होती. ती सगळी त्यांनी कपाटावर चढवली. चादर घातली. मग अंगणात येऊन मोटारीकडे पाहत उभे राहिले.

मोटार जुनी, विलायती बनावटीची. मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब मायदेशी परतताना ती मास्तरांना देऊन गेले होते, कारण तिच्या कुरबुरी एवढ्या धीरानं ऐकणारा दुसरा कोणी नव्हता. पारनेरपासून दादाचं कोपरगाव, जाऊन येऊन दीडशेच्या वर मैल. आणि महिनाभर तिच्या कुठल्यातरी पुढच्या चाकातून जात्यासारखी घरघर येत होती.

अशी घरघर बेरिंगची असते. शाळेत असते तर मास्तरांनी ते असं समजावलं असतं: मुलांनो, चाक फिरतं, पण ते ज्या दांड्यावर बसलेलं असतं तो दांडा फिरत नाही. दोघांनी एकमेकांना घासू नये म्हणून मधे पोलादाच्या छोट्या छोट्या रोळ्या असतात आणि त्या एका पोलादी वाटीत बसून फिरतात. रोळ्या झिजल्या की चाक ओरडतं. आपण ऐकलं नाही तर एक दिवस ते आपली वाट धरतं.

पण मुलं नव्हती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. माणसं खडी फोडायच्या कामावर गेली, तिथंच पालं ठोकून राहिली, आणि त्यांच्याबरोबर मुलंही गेली. पूर्वी पेन्शनीत निघाल्यावरसुद्धा संध्याकाळी चार-पाच पोरं गणितं घेऊन ओट्यावर यायची. आता ओट्यावर धूळ होती.

कोणत्या चाकाचा आवाज, हे ओळखायची मास्तरांच्या घरची एक रीत होती. मास्तर चालवायचे, सारा डावीकडे बसायची. मास्तर विचारायचे, "आवाज येतो का गं तुझ्या बाजूला?" ती डोळे मिटायची, ऐकायची आणि सांगायची. तिचं कधी चुकलं नाही. आता मास्तर एकटेच फाट्यापर्यंत गेले, डोळे उघडे ठेवूनच ऐकलं, आणि त्यांना वाटलं, आवाज तिच्याच बाजूनं येतोय. डावं चाक.

शुक्रवारी एस.टी.नं नगरला जाऊन त्यांनी बेरिंग आणलं. एका चाकापुरतंच. एवढ्या जुन्या गाडीचं तेवढंच एक दुकानदाराकडे शिल्लक होतं, तेही फडताळाच्या मागं सापडलेलं.

शनिवारी सकाळी ते कामाला बसले. मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले आणि मग जॅक लावला.

"आधी उचलली तर नट सोडताना चाकच फिरेल," ते मोठ्यानं म्हणाले. समोर लिंबाचं झाड होतं.

चाक उतरवलं, दांड्याच्या टोकावरची टोपी काढली, पिन सरळ करून ओढली, मधला नट सोडवला, ब्रेकचा ड्रम दोन्ही हातांनी पुढं ओढून घेतला. जे जे निघालं ते वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडलं, म्हणजे परत बसवताना उलट क्रमानं उचलता येतं. रोळ्या रॉकेलमध्ये धुतल्या आणि उन्हात धरल्या.

रोळ्या चकचकीत होत्या.

मास्तरांनी त्या फिरवून पाहिल्या. कुठं खड्डा नाही, डाग नाही. तिथं त्यांनी थांबायला हवं होतं. मुलाच्या वहीत असं उत्तर आलं असतं तर ते थांबलेही असते. पण आवाज या बाजूनं येतो हे त्यांनी स्वतः ऐकलं होतं. सगळी झीज डोळ्यांना दिसतेच असं नाही, असं लिंबाला सांगून त्यांनी जुनी वाटी ठोकून बाहेर काढली. नवी वाटी चहूबाजूंनी हलके हलके ठोकत बसवली. पुरती बसली की हातोडीचा बद्द आवाज जाऊन खणखणीत होतो. तो झाला. तळहातावर ग्रीस घेऊन रोळ्यांमध्ये भरलं. जुनं बेरिंग पुसून, कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवलं. काही फेकायचं नाही ही सवय.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते फाट्यापर्यंत जाऊन आले. घरघर होती तशीच होती.

अंगणात इंजिन बंद करून ते आतच बसून राहिले. नगरला परत जाऊन उपयोग नव्हता. बेरिंग दुसरं नव्हतंच. सोमवारी सकाळी आश्रमाची गाडी दादाच्या दाराशी येईल. दादा मुकाट तीत बसेल. आणि इथं ती चादर घातलेली खाट.

"मास्तर, झोपला का काय गाडीत?"

गोजरबाई होती, शेजारची. तिची सगळी माणसं खडीवर. ती तेवढी तीन शेळ्या घेऊन घर राखायला मागं राहिली होती.

"झोपलो नाही. अडलोय," मास्तर म्हणाले. "गोजरबाई, जरा गाडीत येऊन बसता का?"

"मला कुठं नेताय आता या वयात?"

"फाट्यापर्यंत. आवाज ऐकायला. मला एकट्याला कळेना झालाय."

"आन् शेळ्या?"

"लगेच परत येऊ."

गोजरबाईनं शेळ्या लिंबाला बांधल्या, पदर खोचला आणि साराच्या जागेवर बसली. मास्तरांनी समोर पाहत गाडी सुरू केली. गाडी रस्त्याला लागताच उघड्या खिडकीतून फुफाटा आत आला.

"ही काच लावा की. डोळं फुटलं माजं."

मास्तरांनी गिअर बदलला.

"लागत न्हाई व्हय?"

"लागते," मास्तर म्हणाले. साराला अंगावर वारा हवा असायचा. ही काच ती कधी वर करू देत नसे. तिच्यामागंही ती खालीच राहिली होती. मास्तरांनी ना ती खाली ठेवायची ठरवली होती, ना वर करायची. त्यांच्या स्वतःच्या बाजूची काच मात्र धुळीमुळं नेहमी लावलेली असे.

"तो दांडा आहे ना, तो फिरवा."

गोजरबाईनं दोन्ही हातांनी दांडा फिरवला. काच कुरकुरत, अडखळत वर गेली आणि डावीकडचा सगळा आवाज तुटला. वारा थांबला. आणि मास्तरांना त्यांच्या स्वतःच्या उजव्या पायाखाली, स्वच्छ, जात्यासारखी घरघर ऐकू आली.

"आवाज येतो का तुमच्या बाजूला?" तरी त्यांनी विचारलं.

"माज्या बाजूला कुठला? तुमच्या बुडाखाली दळन चाललंय की."

मास्तरांनी गाडी उभी केली. आवाज उजवीकडचाच होता. उघड्या खिडकीतून वळसा घालून तो आत येत होता. दोन वर्षं ते त्या खिडकीकडे कान लावून होते.

"काय झालं?" गोजरबाईनं विचारलं.

"चूक सापडली."

"मग त्वांड का पाडलंय?"

परत आल्यावर त्यांनी उजवं चाक उचललं आणि वरखाली धरून हलवलं. ते खडखडलं. हे दोन्ही चाकांना आधीच करून पाहायचं असतं, हे त्यांनी कितीतरी मुलांना शिकवलं होतं. खोलून पाहिलं तर आतल्या रोळ्या तापून निळ्या पडल्या होत्या, बाजरीच्या भाकरीसारख्या खरबरीत. मास्तरांनी ओट्यावरचं कागदाचं पुडकं सोडलं. डावीकडून काढलेलं चांगलं बेरिंग, वाटीसकट. दोन्ही बाजूंचं माप एकच.

गोजरबाई लिंबाखाली बसून बघत होती. मास्तर तिला सांगत गेले: नट आवळताना चाक फिरवत राहायचं. घट्ट झाला की किंचित मागं सोडायचा. अगदी आवळून टाकला तर बेरिंग जळतं, त्याला हलायला थोडी जागा लागते.

"एवढं मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मी काय मोटार घेनार हाय?"

"ऐकायला कोणी असलं म्हणजे माझं चुकत नाही."

"मग आदी हाक मारायची. भिंतीपल्याडच हुते की मी."

मास्तरांनी नवी पिन घालून तिची टोकं वाकवली.

रविवारी पहाट फुटता फुटता ते निघाले. नगर मागं पडलं, राहुरी मागं पडली. चाकं गप्प होती. इतकी गप्प, की डाव्या रिकाम्या जागेवरच्या स्प्रिंगची चिरचिर ऐकू यायला लागली. ती बहुधा दोन वर्षं होतीच, उघड्या खिडकीतल्या वाऱ्याखाली दबलेली. काच वर होती. मास्तरांनी ती खाली केली नाही.

कोपरगावात दादा दाराबाहेर खुर्चीवर बसला होता. पायाशी एक ट्रंक, मांडीवर टोपी. केव्हापासून बसलास असं मास्तरांनी विचारलं नाही. शेजाऱ्यानं आणि त्यांनी मिळून त्याला डावीकडच्या जागेवर बसवलं. त्याचा लुळा हात मांडीवर नीट ठेवला.

गाव सुटलं. गोदावरीचं कोरडं पात्र मागं राहिलं. दोन्ही बाजूंना वाळत चाललेला ऊस होता.

"दादा," मास्तर समोर पाहत म्हणाले, "आवाज येतो का रे तुझ्या बाजूला?"

विल्सनदादानं मान कलती केली. डोळे मिटले. तो इतका वेळ ऐकत राहिला, की मास्तरांना वाटलं झोपला.

"नाही," तो शेवटी म्हणाला. शब्द जड होता, पण नीट आला. मग म्हणाला, "पण तू हळू चालव."

मास्तरांनी गाडी हळू केली.