घासलेल्या आठ वाट्या

आमच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनतात. माणसाचा उरलेला पाय ज्यात बसतो, त्या भागाला आम्ही वाटी म्हणतो. वाटी चुकली तर बाकीचा पाय सोन्याचा असला तरी उपयोग नाही, कातडी सोलवटते. गेली तीस वर्षं वाट्या मास्तर करतात. मलाही त्यांनीच शिकवलं आणि आता मी त्यांची वरिष्ठ आहे. हा प्रकार दोघांनाही अवघड जातो, पण ते तो माझ्यापेक्षा बरा निभावतात.

मास्तर स्वतः गुडघे टेकून पट्टे बांधतात आणि विचारतात, "टोचतंय का?" इतक्या मायेनं वाकलेल्या म्हाताऱ्याला 'हो' म्हणायची कुणाची छाती होत नाही. सगळे "छान बसलाय" म्हणतात आणि आठवड्याभरानं लंगडत माझ्या केबिनमध्ये येतात. फेब्रुवारीपासून असे आठ जण आले. मास्तर जेवायला गेले की मी वाटी आतून घासून सैल करायचे आणि माणसाला मागच्या दारानं सोडायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरांचे हात थकलेत असं मी ठरवून टाकलं होतं, आणि ते त्यांना कळू न देणं म्हणजे मोठा चांगुलपणा असंही.

नवव्या माणसाची जखम चिघळली, तेव्हा झाकणं संपलं. बुधवारी मी मास्तरांना केबिनमध्ये बसवलं आणि नमनालाच घडाभर तेल घातलं. त्यांचा अनुभव, त्यांचं नाव, नव्यांना शिकवायला कुणी नाही, वगैरे.

"तू पहिल्यापासून अशीच," मास्तर म्हणाले. "काही फोडलंस की आधी चहा आणायचीस. काय झालंय?"

"सोमवारपासून तुम्ही मापं घेऊ नका. वाट्या घट्ट होतायत. नऊ जणांना लागलंय."

"नऊ? परत तर एकही आली नाही."

"आल्या. आठ मी घासून दिल्या."

ते चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"फेब्रुवारीत प्लास्टिक बदललं. हे गार झालं की जुन्यापेक्षा जास्त आकसतं, असं मला पहिल्याच वाटीला वाटलं होतं. माप सैल धरणार होतो. पण तक्रारच येईना. म्हटलं, आपल्याच बोटांना कळेनासं झालंय. तेव्हापासून बोटांचं ऐकायचं सोडलं मी."

मला शरम वाटली. त्यांना म्हातारपण आलं नव्हतं, मी आणलं होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तेही सहा महिने.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "पहिली वाटी आली तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हवं होतं." त्यांनी माझी समजूत वगैरे काढली नाही. "माझ्या हातांबद्दल आणखी कुणाशी बोललीस?"

इथं खोटं बोलायची सोय होती.

"मोठ्या साहेबांशी. सोमवारी तुमच्या जागी दुसरा माणूस येतोय."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक."

मी तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला आणि मास्तरांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. मास्तरांचे हात ठणठणीत आहेत, दोष प्लास्टिकचा आहे आणि तो सहा महिने मी झाकला, असं सांगितलं. त्यांना जागेवरून हलवू नका, नऊही जणांना मी स्वतः बोलावून घेते, हेही सांगितलं.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं, बघू या. पण यातलं काही मास्तरांच्या कानावर जाऊ देऊ नका. उगाच वाईट वाटेल त्यांना."

"ते समोरच बसलेत," मी म्हटलं.

मास्तरांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

"बोला साहेब," ते म्हणाले.