हाऊसफुल्लच्या फळ्याची पाठ

मित्रांनो, माझ्या अंगावर एकच शब्द लिहिलेला आहे आणि तो शब्द आता खोटा झाला आहे. 'हाऊसफुल्ल'. छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांमध्ये दाबून बसलेलं एक जुनं टॉकीज आहे. त्याच्या तिकीट खिडकीवर टांगायचा फळा तो मी. तुम्ही मॉलमधल्या थंडगार हॉलात पिक्चर बघणारी मुलं, मला ओळखायचं तुम्हाला कारण नाही. म्हणून मीच सांगतो. गोड करून मात्र सांगणार नाही.

लाकडी चौकट आणि तिच्यावर ठोकलेला पत्रा, एवढंच माझं शरीर. फकिरा पेंटरनं मला लाल रंग दिला आणि त्यावर पांढरी अक्षरं काढली. शेवटच्या 'ल्ल'ला जागाच उरली नाही, तो बिचारा कोपऱ्यात आकसून बसला. फकिरा म्हणाला, "चालतंय. गर्दीत कोण बघतंय?" खरंच कुणी बघितलं नाही. मला टांगलं की रांगेतले लोक शिव्या घालायचे आणि आत जागा मिळालेले मिशांना पीळ द्यायचे. सुट्टीच्या दिवशी छावणीतले जवान यायचे, मला बघून कपाळाला हात लावायचे. मालक मला स्वतःच्या रुमालानं पुसायचा. मी फार माजलो होतो, हेही सांगून टाकतो.

पण एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. ज्या पिक्चरसाठी मला टांगायचे, तो पिक्चर मला कधी दिसलाच नाही. पडदा आत, मी बाहेर. आतल्या शिट्ट्या ऐकायच्या आणि बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघायची, एवढंच माझं सिनेमाचं शिक्षण.

मग गर्दी ओसरली. जुना मालक वारला. त्याच्या पोरानं टॉकीज राजेंद्र मॅनेजरच्या गळ्यात घातलं, आणि राजेंद्र मॅनेजरनं मला पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकलं. ज्याला बघून अख्खी रांग हळहळायची, त्याच्यावर कबुतरं बसायला लागली. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माणसांना वस्तूची गरज उरली नाही की ती तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. बघतात ती एकदाच, भंगारवाला दारात आल्यावर.

मला वाचवलं मालनबाईनं.

टॉकीजच्या समोर एका जिन्याखाली मालनबाई साड्यांना फॉल-पिको करते. शुक्रवारी नवा पिक्चर लागला की दुपारी मशीनवर कापड टाकते आणि आत जाऊन बसते. तिला सिनेमातलं फार कळतं असं समजू नका. गाण्यात ती डुलकी काढते. नटांची नावं उलटीसुलटी करते. भूक लागली असेल तर चांगल्या पिक्चरलाही नावं ठेवते. पण बाहेर आली की तिला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि तिचं बोलणं ऐकायला माणसं थांबतात. दारावरचा कडुबा, जो वर्षानुवर्षं तिकिटं फाडतो आणि शो सुटला की दारं उघडतो, तो एकदा वैतागून म्हणाला, "बाई, एकदाचं लिहून टाक कुठंतरी. माझे कान किटले."

मालनबाईनं ते मनावर घेतलं. मला टाकीवरून उतरवून घासलं. माझ्या पाठीला शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला आणि मला उलटा करून पुन्हा त्याच खिळ्यावर टांगलं. तेव्हापासून 'हाऊसफुल्ल' भिंतीकडे तोंड करून असतो आणि पाठीवर मालनबाईचे नंबर असतात. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, शुक्रवारी पिक्चर बदलायच्या आत, ती महिन्याभरात बघितलेल्या पिक्चरांचे नंबर लावते. रिक्षावाले थांबून वाचतात, भांडतात. तिचा नियम एकच. खडूनं एकदा लिहिलेला नंबर पुढच्या महिन्यापर्यंत पुसायचा नाही. राजेंद्र मॅनेजरनं एकदा हळूच सुचवून बघितलं, की मोठ्या हिरोच्या पिक्चरला एक नंबर दिला तर धंदा होईल. ती म्हणाली, "तिकीट तुझं, मत माझं."

आता गेल्या महिन्याचं ऐका. गुरुवारी दुपारी तिनं माझ्या पाठीवर लिहिलं ते असं.

१. आठ दिवसांनी पाणी. नळाचा पिक्चर. आपल्याच गावाचा वाटतो. हसून हसून पोट दुखलं. नवराबायको खरेखुरे भांडतात.

२. लोहे का वारिस. डोकं घरी ठेवून जा, पण जा. हिरो मारामारी करून दमतो, त्याला घाम येतो. हे आवडलं.

३. तळघरातली सासू. भूत चांगलं. भुताच्या सासूचं काम त्याहून चांगलं.

४. लुगड्याची घडी. कापड लई भारी, पण काठच नाय. शेवट कुठं गेला?

वाचलंत? चारातल्या एकालाही तिनं टाकाऊ म्हटलेलं नाही. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. घरात बसून फोनवर सगळ्यांना शिव्या घालणारे ढिगानं आहेत. ही तिकीट काढते, बसते, आणि चांगलं काय ते आधी सांगते.

तेवढ्यात एक मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्यासोबत तिची आई होती, लुगडं नेसलेली, हातात पिशवी. मुलगी चौथ्या नंबरवर अडकली.

"मावशी, हे तुम्ही लिहिलं?"

"मीच. का गं, हिरोईन हायेस का त्यातली?"

"हिरोईन नाय. त्यातल्या कपड्यांचं काम मी बघितलंय. तनुजा माझं नाव."

"मग खूश हो की. कापडाला मी नाव ठेवलंच नाय. शेवट नाय, म्हणले."

"शेवट नावांच्या नंतर आहे, मावशी."

मालनबाईचा खडू हातातच राहिला.

मित्रांनो, इथं तुम्हाला आमच्या टॉकीजची रीत सांगायला हवी. पिक्चर संपून पडद्यावर काम करणाऱ्यांची नावं सरकायला लागली की कडुबा दारं उघडतो. दिवे लागतात. वरच्या खोलीतला ऑपरेटर बटण दाबून पिक्चर बंद करतो, आणि झाडू आत येतो. कुणाला कधी खटकलं नाही, कारण बसलेले लोकही नावं दिसली की चपला शोधायला लागतात. 'लुगड्याची घडी'चा शेवटचा सीन नावांच्या पलीकडे होता. आमच्या टॉकीजात तो एकाही माणसानं पाहिला नव्हता.

"रविवारी आईला अजिंठ्याहून आणलं," तनुजा म्हणाली. "नावं लागली, दिवे लागले, बंद. आई मला विचारती, झालं का गं?"

"जाऊ दे की," तिची आई, दगडाबाई, म्हणाली. "पोरीचं काम दिसलं मला. बास झालं."

तनुजानं मालनबाईला बाजूला, अगदी माझ्याजवळ ओढलं. "त्यातली म्हातारी नेसते ती लुगडी आईची आहेत. नावांत आईचं नाव आहे, मावशी. तिला सांगितलं नाय मी. आज परत आणलंय. उद्या पिक्चर उतरतोय."

मालनबाई तडक राजेंद्र मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली.

"राजेंद्रा, आजचा शो शेवटपर्यंत चालव. नावांसकट."

"नावं कोण बघतं, मालनबाई? हॉल झाडायचा असतो. पुढच्या शोचे लोक बोंबलतात."

"पुढच्या शोला लोक असतात व्हय तुझ्या?"

भोवती उभे असलेले हसले. राजेंद्र मॅनेजर चिडला आणि नाही म्हणाला. मालनबाईनं वाद घातला नाही. ती परत माझ्याकडे आली आणि चार नंबरच्या खाली तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं:

५. हे टॉकीज. तिकीट पूर्ण, पिक्चर अर्धा.

एका रिक्षावाल्यानं लगेच मोबाईल काढून माझा फोटो घेतला. कित्येक वर्षांनी माझ्यासमोर गर्दी जमली.

"पुसा ते!" राजेंद्र मॅनेजर धावत आला.

"खडूचा नंबर मी पुसत नाय. म्हाईत नाय का तुला?"

त्यानं गर्दीकडे बघितलं, फोटो काढणाऱ्याकडे बघितलं. "बरं. एक शो. ऑपरेटरला मी सांगतो. पण कडुबाचं काय? नावं लागली की त्याचे पाय आपोआप दाराकडं जातात."

"त्याचं मी बघते."

आणि तिनं मला खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, गेलो परत टाकीवर. पण तिनं मला काखेत मारलं, आत नेलं आणि आतून दाराला आडवा टेकवून ठेवलं. काळी पाठ पडद्याकडे; उलटा टांगल्यापासून मी तिकडूनच जग बघतो.

"बाई, मी बाहेर जाऊ कसा?" कडुबा म्हणाला.

"नको जाऊ. इतकी वर्षं दार उघडलंस, आज पिक्चर बघ."

असा मी आणि कडुबा, आम्ही दोघं जुने नोकर, पहिल्यांदा शेजारी बसून पिक्चर बघायला लागलो. काय सांगू! पडदा एवढा मोठा असतो हे मला कुणी बोललंच नव्हतं. पडद्यावर एक म्हातारी होती. तिची नात भांडून शहरात गेलेली. म्हातारी एकटी लुगडं वाळत घालायची, आणि एकटीला त्याची घडी जमायची नाही. दुसरं टोक धरायला कुणी नाही. शेवटी दोरीवर लुगडं तसंच वाऱ्यावर हलत राहिलं, आणि अंधार झाला.

नावं सुरू झाली. सवयीनं खुर्च्या वाजल्या. कडुबा उठला, दाराकडे झेपावला आणि धाडकन माझ्यावर आदळला.

"बसा खाली!" मालनबाई ओरडली. "तिकिटाचे पैसे दिलेत ना? मग पुरतं बघा!"

लोक बसले. नावं वर सरकत राहिली. चहा करणाऱ्याचं नाव होतं. गाडी चालवणाऱ्याचं होतं. ज्याची म्हैस मागून आणली, त्याचंही होतं. एका पिक्चरमागे एवढी माणसं घाम गाळतात आणि आम्ही रोज त्यांच्या तोंडावर दिवे लावत होतो.

मग ते आलं. 'कपडेपट साहाय्य: तनुजा.' आणि त्याच्या खाली, 'लुगडी: दगडाबाई, अजिंठा.'

दगडाबाई अक्षरं एकेक करून वाचत होती. "द... ग... डा..." ती 'बाई'पर्यंत पोचली तेव्हा नाव वरच्या कडेला टेकलं होतं.

"माझं नाव त्यांना कुणी दिलं?"

"मी दिलं."

"इचारायचं तरी व्हतं," दगडाबाई म्हणाली. मग पदर डोळ्याला लावत म्हणाली, "चांगली धुऊन दिली अस्ती."

नावं संपली. पडद्यावर पुन्हा तीच दोरी. म्हातारी लुगड्याचं एक टोक धरून उभी, आणि समोरून दोन तरुण हात येतात, दुसरं टोक उचलतात. काठाला काठ लागतो. घडी होते. बास. एकही शब्द नाही. कडुबा माझ्याशेजारी उभा राहून नाक ओढत होता.

बाहेर आल्यावर मालनबाईनं मला खिळ्यावर टांगलं आणि पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला. पदरानं वरचे चार नंबर पुसले आणि नव्यानं लिहिले. 'लुगड्याची घडी' दोन नंबरवर गेली. पुढे लिहिलं, 'काठ सापडला. लई सुंदर.'

तनुजा हसत म्हणाली, "एक नंबर नाय, मावशी?"

"नाय. नळाच्या पिक्चरला मी जास्त हसले. तुझ्या आईच्या देखत खोटं लिहू का?"

"बाईचं बराबर हाय," दगडाबाई म्हणाली.

राजेंद्र मॅनेजर आशेनं पाच नंबरकडे बघत होता. तो तिनं पुसला नाही. फक्त पुढे एक शब्द वाढवला: 'सुधारतंय.'

मित्रांनो, माझी लाल बाजू पुसायला आता कडुबा रोज ओलं फडकं आणतो. तेवढं बरं चाललंय. तुमच्याकडे मागणं एकच आहे, आणि ते मी हात जोडून नाही, ठणकावून मागतो. पिक्चर कसाही असो, नावं लागली की उठू नका. चपला कुठं पळून जात नाहीत. त्या नावांत कुणाची तरी आई असते आणि तिला वाचायला वेळ लागतो.

मला मात्र बाहेरच टांगा, माझी तक्रार नाही. मी आयुष्यात एकच पिक्चर पाहिला, पण पूर्ण पाहिला. तुमच्यापैकी किती जणांना तसं म्हणता येईल?