आकृती सात पाहा

अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या त्या संस्थेत एक नियम अकरा वर्षे अबाधित होता. ध्वनिमुद्रित झालेले पुस्तक बाईंच्या कानांतून गाळून निघाल्याशिवाय श्रोत्यांपर्यंत जात नसे. संस्थेतली मंडळी त्यांना पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत, आणि बाईंना ते चांगले ठाऊक होते. “म्हणू देत,” त्या सुनेला सांगत, “चाळणीला भोकं असतात खरी, पण कोंडा कुठं अडवायचा हे तिलाच कळतं.”

तीस वर्षे त्यांनी शिवणशाळेत मुलींना कापड बेतायला शिकवले होते. एकसष्टाव्या वर्षी काचबिंदूने उरलीसुरली दृष्टी नेली. मुलगा म्हणाला, आता आराम कर. बाईंनी आठवडाभर आराम केला, आठव्या दिवशी सुनेचा हात धरून या संस्थेत आल्या आणि ऐकण्याच्या खोलीतल्या खुर्चीवर बसल्या, त्या तिथेच. टेबलावर ध्वनिमुद्रण ऐकायचे यंत्र, शिवणकामाची कापडी मोजपट्टी आणि दोन शिक्के. मोजपट्टीचे तिथे काही काम नव्हते. तीस वर्षांची सवय, बोटांना चाळा हवा. शिक्क्यांपैकी एक ‘मंजूर’चा आणि दुसरा ‘परत’चा. ‘परत’च्या मुठीवर सुनेने सुरीने खाच पाडून दिली होती, म्हणजे बोटांची गफलत व्हायला नको. ती खाच आता वापरून गुळगुळीत झाली होती.

बाईंची मते ठाम होती आणि ती कुणी विचारण्याची त्या वाट पाहत नसत. आयुष्य सुधारायला सांगणाऱ्या पुस्तकांविषयी त्या म्हणत, “अंगठ्याएवढा सल्ला आणि हातभर प्रस्तावना. सल्ला वाईट नसतो हो, पहाटे उठा, कमी बोला, आमची आईही हेच सांगायची. पण ती एकदाच सांगायची.” सून स्वयंपाक करताना असली पुस्तके दीडपट वेगाने ऐके. त्यातला गृहस्थ धापा टाकत ‘शांत व्हा, शांत व्हा’ म्हणू लागला की बाई आतल्या खोलीतून ओरडत, “अगं, आधी त्याला पाणी दे!”

कादंबऱ्यांचा त्यांना लोभ होता, म्हणून त्यांच्याबाबत त्या अधिकच कठोर होत्या. वाचणाऱ्याने प्रत्येक पात्राला निराळा आवाज दिलेला त्यांना खपत नसे. संस्थेचा मुख्य वाचक म्हणजे रंगभूमीवर उभी हयात राजांच्या भूमिका केलेला एक निवृत्त नट. त्याच्या आवाजाने खिडकीची काच थरथरे, म्हणून त्याला सगळे ‘नगारा’ म्हणत, आणि बाई तर तोंडावर म्हणत. त्याने एका कादंबरीतली विधवा हुंदके देत वाचली, तेव्हा बाईंनी ती अकरा प्रकरणे परत पाठवली होती. “नगारा, रडायचं काम माझं आहे. तुम्ही नुसतं वाचा. तुम्हीच रडून घेतलंत तर मला काय उरलं?”

पण विज्ञानाच्या पुस्तकांवर त्यांचा जीव होता. जे शिकायचे राहून गेले, ते कानांनी तरी पदरात पडावे, असे त्यांना वाटे. म्हणूनच त्या मंगळवारी कानाविषयीचे पुस्तक तपासायला आले, तेव्हा त्या ताठ होऊन बसल्या. एका कानाच्या डॉक्टरांनी सामान्य माणसासाठी लिहिलेले ते पुस्तक होते. ज्यांचा सगळा संसार कानांवर चालतो, त्यांनी हे नाही ऐकायचे तर कुणी ऐकायचे?

पहिली सहा प्रकरणे उत्तम झाली होती, इतकी की अधूनमधून आलेले ‘आकृती पाहा’ बाईंच्या कानांतून ओघात निसटून गेले होते. नगाऱ्यानेही आवाज आवरला होता. सातव्यात तो म्हणाला, “आवाजाचा प्रवास इथे संपतो आणि खरे नवल इथेच सुरू होते. आतल्या कानातील या अवयवाचा आकार कसा असतो? आकृती सात पाहा.” आणि लगेच पुढच्या परिच्छेदाकडे वळला.

बाईंनी यंत्र थांबवले. सगळे पुस्तक पुढेमागे करून ऐकले. एकोणीस आकृत्या, एकोणीस वेळा ‘पाहा’. त्यांनी खाच चाचपली आणि शिक्का असा उठवला की शेजारच्या खोलीतला कारकून दचकला.

तासाभरात सचिव आले. वयाने बाईंच्या मुलाएवढे, स्वभावाने सज्जन, पण घड्याळाचे दास. “बाई, हे शुक्रवारी पाठवायचं ठरलंय. आकृत्यांना आपण काय करणार? छापलेल्या ओळीच वाचायच्या, हाच नियम आहे ना?”

“नियम डोळसांनी केलाय.”

“मागेही विज्ञानाची पुस्तकं गेलीच की. ते पाण्याच्या पंपांचं गेलं, एकवीस आकृत्यांचं. त्यावर तुमचाच ‘मंजूर’ आहे.”

मोजपट्टीशी चाळा करणारी बाईंची बोटे जागच्या जागी थबकली. सचिवांना काय माहीत, कुठे बोट लागले ते. पंपांचे पुस्तक दोन वर्षांपूर्वीचे. बाईंना तेव्हा ताप होता, घरी जायची घाई होती आणि त्यांनी डोळ्यांवर, नव्हे कानांवर, कातडे ओढून शिक्का मारला होता. महिन्याने एका श्रोत्याचा फोन आला. पंप दुरुस्त करणारा कारागीर, अपघातात दृष्टी गेलेला. हात शाबूत होते, धंदा पुन्हा उभा करायचा होता, म्हणून त्याने ते पुस्तक मागवले होते. “बाई,” तो शांतपणे म्हणाला होता, “तुमचा माणूस एकवीस वेळा ‘पाहा’ म्हणाला. मी मोजलं. एकविसाव्या वेळी मी पुस्तक बंद केलं.” बाईंनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. त्याचा दूरध्वनी क्रमांक मात्र त्यांना तोंडपाठ होता.

“त्यावर माझा शिक्का आहे,” त्या अखेर म्हणाल्या, “म्हणूनच यावर नाही.”

सचिवांनी सुस्कारा सोडला. “मग स्पष्टच बोलतो. तपासणी आता संगणकावर करावी असं संस्थेच्या कार्यकारी मंडळाचं मत झालंय. मी आजवर थोपवून धरलं. शुक्रवारी चारपर्यंत एकोणीसच्या एकोणीस आकृत्या शब्दांत करून द्या. झाल्या तर तुमची खुर्ची इथंच राहील, हा माझा शब्द. नाही झाल्या तर पुस्तक आहे तसं जाईल, आणि पुढच्या महिन्यापासून...”

“पुढचं मला ऐकू येतं,” बाई म्हणाल्या. “चार वाजता या.”

दुसऱ्या दिवशी सून त्यांची विणकामाची जुनी पिशवी आणि टाचण्या टोचता येतील असा एक मऊ फळा घेऊन आली. बाईंनी फळा मांडीवर घेतला, टाचण्या तोंडात धरल्या आणि नगाऱ्याला समोर बसवले. “आकृतीत काय आहे ते तुम्ही सांगायचं. मी ऐकून लोकरीनं लावणार. माझी सून पुस्तकाशी ताडून पाहणार. जुळलं तर तुमचं वाक्य पास. शिवणशाळेत मी मुलींना बेत तोंडी सांगायची, झबली बिनचूक निघायची. बोला.”

“मी वाचक आहे बाई, लेखक नाही,” नगारा कुरकुरला. पण घसा साफ करून त्याने सुरुवात केली, “या आकृतीत कानाची अंतर्गत रचना दर्शवली आहे.”

“लोकर कुठं लावू?”

“म्हणजे... डावीकडे एक नळी आहे.”

“कुणाच्या डावीकडे? किती लांब? सरळ आहे की वाकडी? कुठं जाऊन थांबते?”

“आहे एक नळी! थोडी वाकडी.”

बाईंनी थोडी वाकडी नळी लावली. नगाऱ्याने पडदा सांगितला, मग तीन हाडे सांगितली. सुनेने वाकून पाहिले आणि तिला हसू आवरेना. “सासूबाई, ही किटली झालीय. तोटीसकट.”

“पन्नास वर्षं मी राजे केले!” नगारा उसळला.

“ठाऊक आहे. आता जरा प्रजेचं ऐका.” बाईंनी टाचण्या उपटल्या. “नगारा, खरं सांगा. ती आकृती तुम्ही पाहिलीत का कधी?”

त्या भारदस्त माणसाने मान खाली घालून आकृतीचे पान उघडले. पुस्तक तीनदा वाचूनही आकृतीवर त्याची नजर टिकली नव्हती. आकृती आली की तो पान उलटत असे. त्याने खुर्ची उजेडाकडे ओढली, चष्मा पुसला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग सावकाश, राजाही नाही आणि नगाराही नाही अशा आवाजात म्हणाला, “अर्ध्या करंगळीएवढी लांब नळी आडवी धरा. बाहेरचं तोंड डाव्या हाताला. उजव्या टोकाला ढोलावर ताणतात तसं पातळ कातडं आहे.”

“आता कसं!” बाई म्हणाल्या, आणि टाचणी बसली.

बुधवारी सहा आकृत्या झाल्या. गुरुवारी बारा, कारण सुनेने रजा टाकली आणि डबे तिघांचे आणले. नगाऱ्याने दर वाक्य चारचारदा बदलले. एकदा त्याने ‘अर्थातच’ हा शब्द घातला, तर बाईंनी विचारले, “तो कुठल्या रंगाच्या लोकरीनं लावू?” त्यानंतर त्याने तो घातला नाही.

शुक्रवारी एकच उरली. आकृती सात.

ती मात्र काही केल्या हाती लागेना. डॉक्टरांनी तिला शंख म्हटले होते. नगारा ‘शंखासारखी’ म्हणाला, बाईंनी विचारले कुठला शंख, लांबोडा की बसका? तो ‘वळत जाणारी नळी’ म्हणाला, तर फळ्यावर जिलबी झाली. सपाट. “वर चढते हो ती,” सून म्हणाली, “पण फळ्यावर कशी चढवणार?” बारा वाजले, दोन वाजले. डबे तसेच राहिले.

“सोडून देऊ एक,” सून दबक्या आवाजात म्हणाली. “अठरा झाल्यात. अठरा काही थोडक्या नाहीत.”

“बाहीशिवाय सदरा दिलास गिऱ्हाइकाला, तर तो म्हणेल का, बाकी छान आहे?” बाईंचा आवाज चढला नाही, पण खोलीत पुढे कुणी ‘सोडू’ म्हणाले नाही. त्या मोजपट्टी बोटांभोवती गुंडाळत आणि सोडत बसल्या.

नगारा आकृतीकडे पाहत होता. मग त्याने मान वर करून बाईंच्या हातांकडे पाहिले. परत आकृतीकडे. परत हातांकडे.

“बाई,” तो म्हणाला, “फळा बाजूला ठेवा. हातातली पट्टी सगळी सोडा. आता एक टोक धरून तिची गुंडाळी करा. सैल. अडीच वेढे फक्त.”

बाईंनी केली.

“ती तळहातावर आडवी ठेवा. आणि आता मधलं टोक खालून बोटानं हलकेच वर ढकला.”

पट्टीचा गाभा वर आला. वेढ्यामागून वेढा चढत गेला, खाली रुंद, वर निमुळता. बाईंनी दुसऱ्या हाताच्या बोटांनी तो खालून वर चाचपला, मग वरून खाली. पुन्हा खालून वर.

“केवढा असतो हा?” त्यांनी विचारले.

“मागच्याच पानावर आहे. वाटाण्याएवढा.”

“एवढासा!” बाई म्हणाल्या. अकरा वर्षे नातवंडांची पावले, दुधाचे उतू जाणे, मुलाच्या आवाजातला थकवा, हे सगळे त्या वाटाण्याएवढ्या जिन्यावरून चढून त्यांच्यापर्यंत आले होते. त्यांनी पट्टी खाली ठेवली नाही. “नगारा, हे जसंच्या तसं बोला. एक अक्षर वाढवू नका.”

चार वाजता सचिव आले, तेव्हा अठरा आकृत्यांचे फळ्यावरून उतरवलेले कागद आणि एकोणीस ध्वनिमुद्रित तुकडे तयार होते. त्यांनी दोनतीन ऐकले. “झालंय छान,” ते म्हणाले, “पण बाई, पुस्तक चाळीस मिनिटांनी वाढलं. मंडळ विचारणार, एवढं हवंच होतं का?”

“बसा,” बाई म्हणाल्या. सचिव बसले. “डोळे मिटा. सूनबाई, किलकिले करताहेत का बघ.”

“करताहेत,” सून म्हणाली. सचिवांनी घट्ट मिटले. बाईंनी त्यांच्या हातात मोजपट्टी दिली आणि जुना तुकडा लावला. ‘या अवयवाचा आकार कसा असतो? आकृती सात पाहा.’

“करा,” बाई म्हणाल्या.

“काय करू?”

“तो म्हणाला ना, पाहा.”

सचिव पट्टी हातात धरून बसून राहिले. बाईंनी घाई केली नाही. मिटल्या डोळ्यांनी वेळ किती लांब होतो, हे त्यांना समजावून सांगण्यापेक्षा समजू देणे बरे होते. मग त्यांनी नवा तुकडा लावला. सचिवांनी पट्टी गुंडाळली. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा जमली. बोटाने गाभा वर ढकलला आणि ते तसेच, डोळे मिटून, तो चाचपत राहिले.

“मंडळाला,” ते जरा वेळाने म्हणाले, “मी असंच बसवतो. खुर्ची इथंच राहील बाई.”

“पुस्तक जाऊ द्या,” बाई म्हणाल्या आणि ‘मंजूर’ उठवला. मग बोटांनी दुसरी मूठ शोधली. “आता ते पंपांचं आणा. त्यावरचा माझा शिक्का चुकला होता. माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. सोमवारपासून ते नव्यानं करायचं. एकवीस आकृत्या.”

“पंप?” नगारा कळवळला. “बाई, मी राजे केलेत हो...”

“राजांनाही पाणी लागतं. नऊ वाजता या.”

सचिव निघाले. जाताना पट्टी त्यांच्या मुठीतच होती. बाईंनी हात पुढे केला तेव्हा त्यांच्या लक्षात आले. सून डबे उघडू लागली.

“ते थांबव,” बाई म्हणाल्या. “आधी फोन लाव. मी सांगते तो नंबर.” त्यांनी दहाही आकडे न अडखळता सांगितले. सुनेने चकित होऊन लावला आणि फोन त्यांच्या कानाशी दिला.

चार वेळा वाजल्यावर पलीकडून एक शांत, घोगरा आवाज आला. बाईंनी आपण कोण ते सांगितले.

“अजून ‘पाहा’च म्हणायचंय का?” त्याने विचारले.

“नाही,” बाई म्हणाल्या आणि पदर सावरून ताठ बसल्या. “पहिल्या आकृतीपासून सुरुवात करायची आहे. आम्ही सांगू, तुम्ही करून पाहायचं आणि चुकलं तर आम्हाला रागवायचं. आता सांगा, हाताशी काय काय आहे तुमच्या?”