वहीत न आलेला अर्थ

इंडोनेशियातल्या तेगाल बंदरात परदेशी मासेमारी जहाजांवर जाणाऱ्या खलाशांना मी इंग्रजी शिकवते. व्याकरण त्यांच्या फारसं कामाचं नसतं. 'लुक आउट', 'होल्ड ऑन' असल्या जोडशब्दांवर जहाज चालतं आणि नेमके तेच त्यांना जड जातात. ओळखीचाच शब्द, पण मागे शेपूट लागलं की अर्थ भलतीकडे जातो. म्हणून मी दर धड्याला दहा शब्द आणि समोर त्यांचे इंडोनेशियन अर्थ वहीत लिहून देते.

माझ्या वर्गातला तार्सोनो चाळिशीचा होता. अक्षर वळणदार, पण पाठांतर कच्चं. घरी त्याची उजळणी बायको घ्यायची. वुर्यांती सहावीपर्यंतच शिकलेली, तरी ऐकून ऐकून तिलाच सगळं पाठ झालं. एकदा ती वर्गाच्या दारात थांबून मला म्हणाली, "बाई, 'लुक आफ्टर' म्हणजे मेंजागा, सांभाळणं. मग 'लुक फॉर' म्हणजे शोधणं कसं? नीट सांभाळलं तर शोधायची वेळ येईलच कशाला?" वर्ग हसला. सगळ्यांत जास्त तार्सोनो हसला.

दहा धडे झाले आणि जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटाचा निरोप आला. उरलेले चार धडे तसेच राहिले. तार्सोनो जहाजावर गेला, वही वुर्यांतीकडे ठेवून.

सात महिन्यांनी एका सकाळी ती सासूला घेऊन माझ्याकडे आली. एजंटाने जहाजाचा इंग्रजी संदेश जसाच्या तसा तिच्या फोनवर पाठवला होता. जाळं ओढताना तार्सोनो समुद्रात पडला, एवढं तिला कळलं होतं. पुढचं वाक्य तिने वही घेऊन लावलं होतं. 'सर्च' म्हणजे शोध. 'कॉल' म्हणजे मेमांगिल, बोलावणं. 'ऑफ' म्हणजे लांब.

"लांबून शोधायला माणसं बोलावलीत त्यांनी," ती म्हणाली. "असंच ना बाई?"

तिच्या म्हाताऱ्या सासूबाई, दास्मी, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. 'कॉल ऑफ' माझ्या अकराव्या धड्यात आहे. मेंबातालकान. रद्द करणं. तीन दिवस शोधून त्यांनी शोध थांबवला होता.

माझ्या तोंडून निघालं, "उद्या एजंटाच्या ऑफिसला फोन करून नीट विचारते."

'नाही' मी म्हणाले नाही. त्या दोघी 'हो' ऐकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. पलीकडच्या माणसाने तेच सांगितलं, वर तारीखही सांगितली. दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दास्मींनी पहाटे उठून हळदीचा भात शिजवला होता आणि मुलगा सापडावा म्हणून आळीत घरोघरी वाटला होता. रिकामी टोपली अंगणात पालथी घातलेली दिसली. शेजारणी ओट्यावर बसून, कुणाचा कोण कसा बुडता बुडता वाचला, ते सांगत होत्या.

मी वुर्यांतीला आत नेलं आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला.

ती रडली नाही. तिने विचारलं, "काल तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग आईंना भात का वाटू दिलात?"

तिने उठून बाहेर जाऊन सासूला सांगितलं, स्वतःच, एकेक शब्द सावकाश. दास्मींची किंकाळी मी आतून ऐकली.

दास्मी पाच दिवस मयताची प्रार्थना करू देईनात. देह नाही, तर मेला कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. समजावायला इमाम आले, तार्सोनोचे भाऊ आले. शेवटी वुर्यांतीने सासूचा हात धरून सांगितलं, "आई, त्याच्यासाठी करण्यासारखं आता एवढंच उरलंय. तेवढं तरी करू या." तेव्हा त्या कबूल झाल्या.

सात दिवस संध्याकाळी प्रार्थना झाली. मी रोज गेले, बायकांमध्ये मागे बसले. वुर्यांती माझ्याशी बोलली नाही. कामं मात्र मला सांगायची, घरातल्या माणसाला सांगावीत तशी. चटया उचला, पेले मोजा.

सातव्या दिवशी निघताना ती प्रत्येकीला केळीच्या पानात बांधलेला भात देत होती. माझी पाळी आली. तिने पुडा दिला, मग थांबून आणखी एक माझ्या हातावर ठेवला.

"जेवून घ्या बाई," ती म्हणाली. "वाळून गेलात."