सहाव्या खणाची सुतळी

मित्रांनो, मला दोन दारे, सहा खण आणि एक तुटलेली मूठ आहे. मी एक जुने लोखंडी कपाट आहे. डिलाईल रोडवरच्या एका वाचनालयात, पहिल्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या भिंतीला टेकून मी पन्नास वर्षे उभा आहे. उभे राहण्याचा कंटाळा येत नाही. भरण्याचा आणि रिकामे होण्याचा येतो.

घोडपदेवच्या एका लहान कारखान्यात मी घडलो. पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि वर हिरवा तेलरंग दिला. हातगाडीवरून मला इथे आणले तेव्हा वाचनालयाच्या लोकांनी माझ्याभोवती फिरून पाहिले होते. कोणी तरी म्हणाले, हे आपल्याला पुरून उरेल. ते खरे ठरले. ते म्हणणारे आज नाहीत.

काही वर्षांनी वाचनालयाने मुंबई, ठाणे आणि कोकणातल्या लेखकांसाठी वार्षिक ग्रंथ पुरस्कार सुरू केला आणि माझे काम ठरले. पुरस्कारासाठी आलेली पुस्तके माझ्यात ठेवायची. कुशाबा नावाच्या पेंटरने माझ्या खणांवर पांढऱ्या रंगात नावे लिहिली. कादंबरी, कथा, कविता, चरित्र-आत्मचरित्र, बालसाहित्य. वळणदार अक्षर होते. लोक पुस्तक ठेवायच्या आधी अक्षराचे कौतुक करायचे. सर्वांत खालच्या सहाव्या खणाला वेगळे दार आहे. त्यावर कुशाबाने ‘संकीर्ण’ लिहिले. म्हणजे पाककृती, आरोग्य, शेती, बागकाम, जे वरच्या पाचांत बसत नाही ते. या खणाला पुरस्कार नाही, म्हणून परीक्षकही नाही. पुस्तके येतात, खाली जातात आणि तिथेच राहतात.

पद्धत अशी. प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती येतात. दोन प्रती दोन परीक्षकांकडे जातात, तिसरी माझ्याकडे राहते. पुस्तक मागच्या वर्षी प्रसिद्ध झालेले असले पाहिजे. एक वर्ष चुकले की त्या पुस्तकाला पुन्हा संधी नाही. पहिल्या वर्षी अडतीस पुस्तके आली होती. परवाच्या वर्षी दोनशे सतरा आली. खण तेवढेच आहेत.

वर्षे जातात तसा रंग जातो. कादंबरीतला ‘का’ उडाला, बालसाहित्यावर गंज चढला. सहाव्या दाराची मूठ तुटली, ती कोणी बसवली नाही. लोखंडी पट्टी फटीत घालून ते दार उघडावे लागते, म्हणून ते फक्त पुस्तके आत टाकायला उघडते. समारंभ दरवर्षी दादरच्या सभागृहात होतो. मी तो पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी हार सुकल्याचा वास घेऊन लोक येतात आणि कोणाचे भाषण लांबले ते बोलतात, तेवढे मला कळते. पुस्तकांविषयी फारसे बोलणे होत नाही.

आता परवाच्या वर्षाची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच मी बोलायला लागलो.

ग्रंथपाल कालिंदीबाई गेली एकवीस वर्षे पुस्तकांची वर्गवारी करतात. कामाला चोख बाई. त्या वर्षी शेवटच्या तीन दिवसांत एकशे दहा पुस्तके आली आणि मदतीला कोणी नव्हते. त्यांच्या हाती एक गठ्ठा आला. सुतळीने घट्ट बांधलेल्या तीन प्रती. नाव ‘कापसाची पारख’. मुखपृष्ठावर कापसाचे बोंड. कालिंदीबाईंनी सुतळी सोडली नाही. शेतीचे किंवा धंद्याचे पुस्तक समजून पट्टीने माझे खालचे दार उघडले आणि गठ्ठा सहाव्या खणात ठेवला. तळाच्या प्रतीखाली पुरस्कारासाठी भरलेले प्रवेशपत्र घडी करून बांधलेले होते. ते त्यांनी पाहिले नाही. मी पाहिले. माझ्या तळाला ते चिकटून होते. पण मित्रांनो, कपाटाला सांगता येत नाही.

चार महिन्यांनी निकाल ठरला. निमंत्रणपत्रिका छापून आल्या. समारंभ रविवारी होता आणि त्याआधीच्या सोमवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. सोबत त्यांची नात श्रेया होती. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली, हे तिच्या घड्याळाकडे बघण्यावरून कळत होते. गृहस्थांनी आपले नाव लवू तावडे असे सांगितले. घोडपदेवला राहतात. कॉटन ग्रीनच्या गोदामात एकतीस वर्षे कापूस पारखण्याचे काम केले. आपले पुस्तक इथे पाठवले होते, त्याचे काय झाले ते विचारायला आले होते.

कार्यवाह हेरंबराव टेबलापाशी बसले होते. त्यांनी आदराने खुर्ची दिली. निकाल लागला आहे, तुमचे पुस्तक यादीत नाही, असे सांगितले. लवूकाका म्हणाले, बक्षीस नाही मिळाले तर नाही. पण वाचणाऱ्याला कसे वाटले, तेवढे कळेल का? एकोणऐंशी वर्षांचा आहे, दुसरे पुस्तक काही होणार नाही. घरचे चांगलेच म्हणतात. घरच्यांचे काय धरायचे.

हेरंबरावांनी वरच्या पाचही खणांत पाहिले. पुस्तक नव्हते. मग कालिंदीबाई आल्या. त्यांनी पुस्तकाचे नाव ऐकले. मग पट्टी घेऊन माझ्यासमोर खाली बसल्या आणि सहावे दार उघडले.

गठ्ठा होता तसाच होता. तिन्ही प्रती एकत्र, सुतळी तशीच.

लवूकाका वाकले आणि त्यांनी सुतळीवरून बोट फिरवले. “गाठ माझीच आहे,” ते म्हणाले.

मग हेरंबरावांनी समजुतीचा सूर लावला. “काका, मुखपृष्ठावर बोंड आहे हो. कोणालाही वाटेल, शेतीचं पुस्तक आहे.”

लवूकाकांनी टेबलावरच्या निमंत्रणपत्रिकेकडे पाहिले. तिच्यावर त्या वर्षीच्या विजेत्या कादंबरीचे चित्र होते. “हिच्यावर मांजर आहे,” ते म्हणाले. “ही काय गुरांच्या दवाखान्यात पाठवलीत?”

श्रेया हसू दाबत “आजोबा” एवढेच म्हणाली.

कालिंदीबाईंनी गाठ सोडली. तळाचे प्रवेशपत्र बाहेर आले. त्यावर ‘साहित्यप्रकार’ या रकान्यासमोर ठळक अक्षरात लिहिले होते, ‘मला ठरवता येत नाही. वाचून ठरवावे.’ त्यांनी ते दोनदा वाचले. मग मधलेच पान उघडले आणि उभ्या उभ्या वाचू लागल्या. ते शेतीचे पुस्तक नव्हते. तो एका माणसाच्या आयुष्याचा हिशोबी, कोरडा, नीट सांगितलेला वृत्तांत होता.

“ताई, रागाने नाय बोलत,” लवूकाका म्हणाले. “पण आमच्यात गासडीचं वरचं कापड बघून कापूस पास-नापास करत नव्हते. कापड फाडायचं, आत हात घालायचा, मूठभर काढायचा. चिमटीत धरून ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते बघायचं. दिवसाला दोनशे गासड्या असल्या तरी. एक सोडली नाय.”

कालिंदीबाई म्हणाल्या, “माझी चूक आहे.” एवढेच.

ते दोघे गेल्यावर हेरंबराव आणि कालिंदीबाई यांचे बोलणे झाले. हेरंबरावांचे म्हणणे गैर नव्हते. चरित्र विभागाच्या विजेत्याला फोन गेला होता, गावाकडून त्याचे नातेवाईक निघाले होते. आता सारे उलटे कसे करायचे? काकांना मंचावर बोलावून शाल देऊ, ते सुचवत होते. कालिंदीबाईंना ते पटले नाही. त्यांनी शाल मागितलेलीच नाही, त्या म्हणाल्या. पुस्तक वाचले जावे, एवढेच मागितले आहे. चूक कार्यवृत्तात माझ्या नावाने लिहा आणि आज दोन्ही परीक्षकांकडे पुस्तक पाठवा. तोडीचे निघाले तर पुरस्कार दोघांत विभागून देऊ. हेरंबरावांनी स्वतःच कार्यवृत्त लिहायला घेतले.

एका परीक्षकाने मुदत संपल्याचे कळवून प्रत परत पाठवली. दुसऱ्या परीक्षक संघमित्राबाई, परळला राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापिका. शनिवारी दुपारी त्या स्वतः आल्या. लवूकाकांना बोलावून घेतले होते. दोघे माझ्यासमोरच्या बाकावर बसले. संघमित्राबाईंच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा होत्या, कोपरे दुमडलेले होते. लवूकाका बोलणे ऐकण्याआधी त्या कोपऱ्यांकडेच बघत होते.

संघमित्राबाईंनी आडपडदा ठेवला नाही. पुरस्काराची शिफारस करता येणार नाही, म्हणाल्या. शेवटच्या भागात काळाचा क्रम हरवतो आणि माणसे अर्ध्यावर सुटतात. मग त्यांनी एक पान काढले. “भाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात आणि दिवसभर एकही गासडी नापास केली नाहीत, ते चौथं प्रकरण. ते मी दोनदा वाचलं.”

लवूकाका खाली बघत होते. मग त्यांनी विचारले, “आणि पाचवं?”

“पाचवं कच्चं आहे.”

त्यांनी मान हलवली. “मलापण तसंच वाटलेलं,” ते म्हणाले. “घरी कोण बोलला नाय.”

मग त्यांनी पाचव्या प्रकरणाविषयी इतके प्रश्न विचारले की संघमित्राबाईंना दुसरा चहा मागवावा लागला. मित्रांनो, पन्नास वर्षांत माझ्यासमोर एखाद्या पुस्तकावर इतका वेळ कोणी बोललेले मी ऐकले नव्हते. समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. लवूकाका गेले नाहीत. त्या दिवशी ते पाचवे प्रकरण पुन्हा लिहायला बसले होते, असे श्रेयाने नंतर सांगितले. कोण छापणार, असे तिने विचारले तेव्हा ते म्हणाले म्हणे, छापायचे कोणाला आहे.

तेव्हापासून कालिंदीबाई प्रत्येक गठ्ठा सोडतात. मधली पाच पाने वाचल्याशिवाय पुस्तक खणात जात नाही. तीन दिवसांच्या कामाला आता तीन आठवडे लागतात. माझी दारे तेवढा वेळ उघडी असतात आणि माझ्या बिजागऱ्या दुखतात. मी थकलो आहे, हे खोटे सांगणार नाही. लवकरच इमारत पाडणार आहेत. नव्या जागेत भिंतीतली कपाटे येणार आहेत आणि मला बहुधा भंगारात देतील. माझी तक्रार नाही.

एक मागणे आहे. नव्या कपाटांनाही खण असतील आणि खणांना नावे असतील. नावे लिहिणे सोपे आहे, कुशाबा ते एका दुपारी करून गेला होता. तुम्ही पुस्तक ठेवण्याआधी आत हात घाला. मूठभर काढून बघा. आणि ज्याने ते लिहिले आहे तो विचारायला आला, तर चांगले ते सांगा, कच्चे तेही सांगा. तो जिना चढून आलेला असतो.

माझ्या सहाव्या दाराला मूठ अजून नाही. पण आता ते पट्टीने उघडावे लागत नाही. मूठ जिथे होती त्या भोकातून कालिंदीबाईंनी लवूकाकांची सुतळी ओवली आहे. ओढली की दार उघडते. बाहेरची गाठ कालिंदीबाईंनी मारली आहे. आतली त्यांनी लवूकाकांकडून मारून घेतली.