न पुसलेलं घर

वाचनालयाच्या खोलीत त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. उशिरा आलेले पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे राहिले. समोरच्या भिंतीवर गल्लीचा नकाशा लावला होता. तीस घरं, तीस चौकोन. एकोणतीस हिरवे, एक लालभडक.

मावशी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने तो लाल चौकोन पाहिला, त्यातला आकडा वाचला. सतरा. घरांना आकडे तिनेच घातले होते, आणि सतरावं घर तिचं होतं.

मावशी म्हणजे गल्लीची शिंपीण. शाळेचे गणवेश शिवायची. गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी होती. तिथलं शिसं धुळीतून घराघरांत येतं का, ते लहान मुलांच्या अंगात जातं का, याचा अभ्यास करायला डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा लोकांनी दार उघडलं ते मावशीच्या शब्दाखातर. हिशेब साधा होता. घरांत शिसं सापडलं, तर भट्टी हलवा म्हणायला कागदाचा आधार मिळणार होता. नाही सापडलं, तर तक्रार तिथेच संपणार होती.

नमुने मावशीनेच गोळा केले. फरशीवर पुठ्ठ्याची चौकट ठेवायची, आतली जागा ओल्या कापडाने पुसायची, कापड नळीत घालून झाकण लावायचं. आठवडाभर ती दारोदार फिरली.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या की शिसं सापडलेलं ते लाल घर कुणाचं हे उघड करायचं नाही, त्या घराला स्वतंत्रपणे भेटू, बाकी गल्ली सुरक्षित दिसते. पण प्रत्येकाकडे आपापल्या आकड्याची चिठ्ठी होती. जो तो खिशातून काढून बघत होता आणि सुटकेचा श्वास टाकत होता. तीस चिठ्ठ्यांमधून एक शोधायला कितीसा वेळ लागणार?

मावशीच्या डोळ्यांपुढे नात उभी राहिली. तीन वर्षांची. दिवसभर मशीनखाली बसून चिंध्यांची घरं करायची आणि तीच बोटं तोंडात घालायची. घरात असं काय आहे? बटणं? कात्र्या? शेजारी बसलेले तिचे यजमानही चिठ्ठीकडे बघत राहिले होते. त्यांनी हळूच ती घडी करून मुठीत धरली.

मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण गल्लीची हजेरी घेणं त्यांनी सोडलं नव्हतं. घर आरशासारखं ठेवायला कष्ट घ्यावे लागतात, असं त्या शेजारणीला ऐकवत होत्या. नमुने घेणार म्हटल्यावर आदल्या दिवशी त्यांनी तीन पाण्यांनी फरशी पुसली होती. शेजारीण म्हणाली, आम्ही तर पलंग हलवून पुसलं. तिसरी म्हणाली, पुसायचंच, बाहेरची माणसं येणार म्हटल्यावर लाज नको का?

मावशी ऐकत होती. एकदम तिला डॉक्टरीणबाईंनी दिलेला सूचनांचा कागद आठवला.

सूचनांच्या कागदावर तिसरी ओळ होती: नमुन्याआधी पंधरा दिवस फरशी पुसू नये, आणि नमुना कोणत्या दिवशी घेणार ते आधी सांगू नये. ती ओळ तिने वाचली होती आणि गिळली होती. बायामाणसांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की घर घाण ठेवा आणि मग पाहुणे आणते? उलट आदल्या दिवशी दारोदार जाऊन ती सांगून आली होती, उद्या येते हं. आणि तिचं स्वतःचं घर? गणवेशांच्या घाईत पंधरा दिवस तिने फडक्याला हात लावला नव्हता.

म्हणजे तिच्या घरात वेगळं काही नव्हतं. बाकीच्यांनी पुसून टाकलं होतं, एवढंच.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. नातीला औषध मिळालं असतं. गल्ली समाधानाने घरी गेली असती. खोलीत मुलं खुर्च्यांच्या मधून पळत होती, मास्तरीणबाईंची दोन जुळी नातवंडं त्यांत होती. मावशी उठली.

"सतरा नंबर माझा," ती म्हणाली. "पण हा नकाशा खोटा आहे. तो मी खोटा केला."

तिने सगळं सांगितलं. तिसरी ओळ, आदल्या दिवसाची फेरी, पंधरा दिवसांची धूळ. कुणी तरी हसलं आणि मध्येच थांबलं. डॉक्टरीणबाईंच्या हातातली पट्टी तशीच नकाशावर टेकलेली राहिली. त्यांचं वर्षभराचं काम होतं.

"मावशी," त्या पट्टी खाली ठेवत म्हणाल्या, "मीही तुम्हाला ती ओळ का लिहिली ते सांगितलं नव्हतं. नुसता कागद दिला."

मास्तरीणबाईंना पटलं नाही. स्वतःची घाण दुसऱ्यांच्या दारात लोटायची ही चांगली युक्ती आहे, असं त्या स्पष्ट बोलल्या. पण पुन्हा नमुने घ्यायचं ठरलं, तेव्हा त्या नाहीही म्हणाल्या नाहीत. पंधरा दिवस गल्लीत कुणी फरशी पुसली नाही. रांगणारी मुलं तेवढी नातेवाइकांकडे पाठवली. मावशीने त्याच दिवसांत नातीचं रक्त तपासून आणलं. मास्तरीणबाईंचे हात शिवशिवायचे. दारात उभ्या राहून त्या लोकांना सांगायच्या, हे माझं घर नव्हे, हा अभ्यास आहे.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई स्वतः फिरल्या, न सांगता.

निकालाचा नकाशा भिंतीवर लागला. हिरवे चौकोन चार उरले होते. भट्टीजवळची घरं तर सतरापेक्षाही गडद लाल होती. मावशी खरी ठरली होती, पण मान वर करायची तिची हिंमत होईना. आपण खोटं ठरावं, असं तिने पंधरा दिवस मनोमन मागितलं होतं.

मास्तरीणबाई कपाटाला धरून उभ्या होत्या. त्यांचा चौकोन भट्टीच्या भिंतीला लागून होता. सावकाश चालत त्या मावशीजवळ आल्या आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"मी रोज पुसते गं," त्या म्हणाल्या. "रोज पुसते, आणि रोज परत येतं?"

मावशीने होकारार्थी मान हलवली.

मास्तरीणबाई जुळ्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, नातीचं रक्त कुठे तपासलं, आणि सुई फार दुखते का.