मोरोपंतांची शेवटची पूजा

माणिकबाई दैनिक 'पूर्णाकाठ'च्या अमरावती कार्यालयात आल्या, तेव्हा गोदावरी पाठक निधन वार्ता तपासत बसल्या होत्या. हा रकाना कित्येक वर्षं त्यांच्याकडे होता. गोदाताईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय अमरावतीतला माणूस नीट मरत नाही, असं कार्यालयातले लोक म्हणायचे. त्यावर त्याही हसायच्या, पण मयताच्या मागे राहिलेल्यांत एखादी सून गाळली गेली तर कोणाची खैर नसे. चांदूर रेल्वेला भाचीच्या साखरपुड्यासाठी गेलेल्या गोदाताई त्याच सकाळी कामावर परतल्या होत्या.

माणिकबाईंनी पेपर आपटला नाही. घडी उलगडून तो नीट टेबलावर ठेवला. पहिल्या पानावर त्यांच्या मुलाचा, सागरचा फोटो होता, दोन शिपायांच्या मधोमध. वर जाड टायपात मथळा होता: 'फूलवाल्यानेच केला वकिलाचा घात'.

"हे तुमीच छापलं नं?" त्यांनी विचारलं.

"आमच्याच पेपरात आलंय," गोदाताई म्हणाल्या.

"कोर्टात अजून उभंही नाही केलं त्याले, अन् तुमी निकाल देऊन मोकये झाले. माह्या सासूपासून आमी गांधी चौकात फुलं विकून राहिलो, बाई. माह्या पोराच्या हातचं फूल आता कोणी देवाले वाहीन का?"

बातमी लिहिली होती धम्मदीप गवईनं, क्राइम बघणाऱ्या तरुण वार्ताहरानं, आणि त्यानं पोलिसांनी सांगितलं तेवढंच लिहिलं होतं. घाताचा मथळा संपादकांचा होता. पण गुन्हा मथळ्याचा आणि शिक्षा या बाईला, हे गोदाताईंना सहन झालं नाही. त्यांनी माणिकबाईंना खुर्चीवर बसवलं आणि धम्मदीपला हाक मारली.

हकीगत अशी होती. ॲडव्होकेट मोरोपंत हिवरखेडकर हे शहरातलं जुनं प्रस्थ. वकिली सोडून जमाना झाला तरी आवाज कोर्टातलाच राहिला होता, आणि कानानं कमी ऐकू यायला लागल्यावर तो आणखी चढला होता. बायको वारल्यापासून घरात ते आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा अद्वैत, तोही वकील. मंगळवारी दुपारी कामवाली आली तर मोरोपंत देवघरात पडलेले, डोक्यावर घाव. देवांना फुलं वाहिलेली, गंध लावलेलं, उदबत्तीची राख पडलेली, आणि बाजूला पळसाच्या पानाची सोडलेली पुडी. फुलांच्या लायनीत बाकी सगळे प्लास्टिकच्या पिशव्यांवर गेले होते, पळसाच्या पानात एकटा सागर बांधायचा. तोच रोज सकाळी मोरोपंतांकडे पुडी पोचवायचा.

पोलिसांनी दोन आणि दोन चार केले. सकाळची पूजा झालेली, म्हणजे मोरोपंत सकाळपर्यंत जिवंत होते. फुलं आहेत, म्हणजे सागर येऊन गेला. अद्वैत तर आदल्या रात्रीच अकोल्याला मित्राकडे गेलेला आणि सकाळी तिथल्या कोर्टात उभा. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ रात्रीपासून सकाळपर्यंत अशी ऐसपैस सांगितली होती, ती देवघरातल्या पूजेनं सकाळवर आणून ठेवली. आणि कारण? सोमवारी संध्याकाळी मोरोपंत फिरून येताना सागरच्या दुकानापुढे थांबून ओरडले होते. ते सगळ्या लायनीनं ऐकलं होतं.

"काय ओरडले ते?" गोदाताईंनी विचारलं.

"उद्यापासून माझ्या घरी फुलं आणायची नाहीत, असं," माणिकबाई म्हणाल्या. "काहून, ते काही बोलले नाही. त्याईचं बोलणंच तसं, रागाचं नव्हतं ते. म्हणून तर सागर मंगयवारी गेलाच नाही. पोलिसाले तेच सांगून राहिला बिचारा, तर ते म्हणते खोटं बोलतो. फुलं मग उडत आली का, म्हणते."

गोदाताईंनी चष्मा काढून ठेवला. सोमवारी संध्याकाळी चांदूरची गाडी गाठायच्या घाईत त्यांनी एक शेवटचा फोन घेतला होता, आणि तो मोरोपंतांचा होता. त्यांचा सख्खा चुलतभाऊ त्र्यंबकराव अकोल्यात वारला होता. सगळे नातेवाईक तिकडचे, म्हणून बातमी फक्त अकोल्याच्या पानावर घ्या, असं त्यांनी सांगितलं होतं. गोदाताईंनी मजकूर अकोला कार्यालयाला पाठवला आणि पर्स उचलली. अमरावतीच्या पेपरात तो आलाच नाही, त्यामुळे इथं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"धम्मदीप, ती पूजा मोरोपंतांनी केलेली नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"त्यांना सुतक होतं."

धम्मदीपनं डोकं खाजवलं. "ताई, आमच्याकडं हे सुतकबितक काही नसते. जरा फोड करून सांगा."

गोदाताईंनी सांगितलं. भाऊबंदात कोणी वारलं की दहा दिवस घरात पूजा होत नाही, देवाला शिवायचंही नाही. आणि मोरोपंत म्हणजे या बाबतीत कर्मठांचे कर्मठ. फोन ठेवता ठेवता ते स्वतः म्हणाले होते, आता दहा दिवस देवघराचं दार लोटून घेतो. फुलं नकोत ती त्यासाठी. सागरवर राग वगैरे काही नव्हता. म्हणजे पोलीस ज्या वाक्यावर पोराला फासावर चढवायला निघाले होते, तेच वाक्य त्याला सोडवणारं होतं.

"मंग फुलं वाहिली कोणी?" धम्मदीपनं विचारलं.

"ज्याला मोरोपंतांची रोजची पूजा तोंडपाठ होती, पण सुतक माहीत नव्हतं, त्यानं. ते सकाळपर्यंत जिवंत होते असं दाखवायचं होतं त्याला."

माणिकबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. "मंग चला नं पोलिसात," त्या उठत म्हणाल्या.

तिघंही गेले. ठाणेदारांनी चहा मागवला, ऐकून घेतलं आणि हसले. म्हातारा माणूस, म्हणाले, सवयीनं केली असेल पूजा, देव काय रिमांड घेणार आहे का त्याला? पुरावा आणा, मग बोलू. गोदाताईंनी चहाचा कप तसाच ठेवला. ज्या चहाबरोबर आपलं म्हणणं गिळायला लागतं तो चहा त्या पीत नसत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धम्मदीपला घेऊन अकोल्याची एसटी धरली. जठारपेठेत त्र्यंबकरावांच्या घरी लीलाबाई, त्यांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोरोपंतांचं नाव काढताच त्यांना रडू आलं.

"सकाळच्या गाडीनं निघतो म्हणाले होते. आमी वाट पाहून राहिलो, अन् दुपारून हे असं कानावर आलं. दोन भाऊ पाठोपाठ गेले."

"अद्वैतला तुम्ही कळवलं होतं का?" गोदाताईंनी विचारलं.

"त्याले वेगळं काहून कळवू? मामा सांगतीलच म्हटलं. पण तो आलाच नाही भेटाले."

"त्या दिवशी तो अकोल्यातच होता, लीलाबाई. कोर्टात."

लीलाबाईंनी पदर डोळ्यांवरून खाली घेतला. "अकोल्यात? कोर्टातून इथं यायला रिक्षानं किती वेळ लागते? लहानपणी उन्हाळाभर आमच्याकडं राहायचा तो. असा मामा घरात पडलेला अन् हा पोरगा गावात असून येत नाही, असं होईल का?"

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत धम्मदीप आपलीच जुनी कात्रणं चाळत होता. त्याचाही अद्वैतवर विश्वास बसला होता. खुनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याशीच बोलून त्यानं 'मामांचा देवभक्त स्वभाव' अशी चौकट लिहिली होती. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे मामानं त्याले सांगितलंच नाही. सांगायला वेळच भेटला नाही."

"संध्याकाळी तो घरी आला असेल, आणि मोरोपंत सुतकाचं सांगायच्या आधीच दुसरंच काही निघालं असेल. घराचंच असणार. ते घर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला द्यायचं मोरोपंतांनी ठरवलं होतं, वकिलांत सगळ्यांना ठाऊक आहे."

"पण ताई, हा आपला अंदाज. ठाणेदार पुन्हा चहा पाजतील."

"मग अद्वैतच्याच तोंडून काढू," गोदाताई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. त्यांनी एकदा मनावर घेतलं की त्यांना अडवणारा अजून वऱ्हाडात जन्मला नव्हता.

त्यासाठी फार खटपट करावी लागली नाही. माणूस गेला की घरचा कोणीतरी तेरवीची जाहिरात द्यायला पेपरात येतोच, आणि अमरावतीत ती गोदाताईंच्याच टेबलावर येते. अद्वैत आला तो पांढऱ्या शर्टात, दाढी वाढलेली. गोदाताईंना त्याचा राग आला आणि तो त्यांनी चष्म्यामागे ठेवला. जाहिरातीबरोबर मोरोपंतांवर अर्धं पान काढतोय, चार गोष्टी सांगशील का, असं त्यांनी विचारलं. धम्मदीपनं फोन टेबलावर ठेवला. "लेखासाठी रेकॉर्ड करतो, चालेल नं?" अद्वैतनं मान हलवली.

तो चांगलं बोलला. मामांची शिस्त, मामांचे खटले. शेवटी म्हणाला, "हे नक्की घ्या. गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांनी पूजा चुकवली नाही."

गोदाताईंचं लिहिणं थांबलं. "हे छापू नये असं मला वाटतं, अद्वैत. लोक मोरोपंतांना नावं ठेवतील."

"का बरं?"

"त्र्यंबकराव सोमवारी गेले ना. सुतक होतं."

"त्र्यंबकमामांचं आम्हाला नंतर कळलं."

"तुला नंतर कळलं असेल. मोरोपंतांना सोमवारीच कळलं होतं, बातमी त्यांनीच मला फोनवर दिली. आता एवढा धर्म पाळणारा माणूस सुतकात देवाला शिवला, हे लीलाबाईंनी वाचलं तर काय म्हणतील?"

अद्वैतच्या चेहऱ्यावरचं दुःख होतं तिथंच राहिलं, फक्त डोळे हलायला लागले. गोदाताई शांतपणे पुढे बोलल्या. "बाहेरच्या कोणी पूजा केली असेल तर प्रश्न नाही. आपल्याकडे तशी रीतच आहे, देव पारोसे राहू नयेत म्हणून. भाच्याला मामाच्या भाऊबंदाचं सुतक नसतं. तसं काही झालं होतं का?"

वकील साक्षीदाराला पढवतो, पण स्वतः साक्षीला उभा राहिला की तोही चारचौघांसारखाच. समोर उघडं दार दिसलं आणि अद्वैत त्यातून आत गेला.

"हो," तो म्हणाला. "बरोबर. मामा म्हणाले, मला चालत नाही, तू कर. सकाळी मीच केली पूजा."

धम्मदीप पुढे वाकला. "मंगयवारी सकाळी?"

"हो."

"पण तुमी तर सोमवारी रात्रीच अकोल्याले गेले होते नं. तुमीच सांगितलं, मीच छापलं."

अद्वैतनं आधी फोनकडे पाहिलं, मग गोदाताईंकडे. म्हणाला, गोंधळ झाला, रात्री निघण्याआधी केली. गोदाताईंनी विचारलं, दिवेलागणीनंतर गंध लावून सकाळची पूजा मांडायची रीत हिवरखेडकरांकडे कधीपासून आली? तो उठून गेला. जाहिरातीचा कागद टेबलावरच राहिला.

रेकॉर्डिंग ऐकताना ठाणेदारांनी या वेळी चहा मागवला नाही. अद्वैतला बोलावून घेतलं. घर तपासल्यावर मधल्या खोलीतल्या गालिच्याखाली रक्ताचा डाग सापडला, आणि मग अद्वैत फार वेळ टिकला नाही. घरावरून वाद झाला, त्यानं हात उचलला. मामा पडल्यावर त्यांना देवघरात नेलं. सकाळच्या पुडीतली अर्धी फुलं मोरोपंत संध्याकाळसाठी फ्रीजमध्ये ठेवायचे, ती पळसाच्या पानात तशीच होती. ती त्यानं देवांना वाहिली, उदबत्ती लावली आणि अकोल्याची वाट धरली. संध्याकाळची फुलं शिल्लक का राहिली, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही.

सागर सुटला त्या दिवशी संपादकांनी बातमी पाचव्या पानावर लावली, दोन कॉलम. पहिल्या पानावर अर्थातच अद्वैत होता, आणि 'पूर्णाकाठ'ची कामगिरी. गोदाताई पान हातात घेऊन संपादकांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सागरचा फोटो जिथं छापला होता तिथंच छापायचा. तेवढाच. मथळाही तेवढाच."

"गोदाताई, तिथं जाहिरात आहे."

"मग उद्यापासून निधन वार्ता तुम्ही बघा. आजच सात आल्यात, एकात दोन बायका आहेत आणि दोघींचेही भाऊ बाहेर बसलेत."

संपादकांनी जाहिरात आतल्या पानावर ढकलली.

सकाळी गोदाताई पेपर घेऊन गांधी चौकात गेल्या. लायनीतल्या बाकी दुकानांपुढे गर्दी होती. सागर पळसाची पानं पुसत बसला होता. त्याच्यापुढे शेवंती होती, झेंडू होता, गिऱ्हाईक नव्हतं. येणारे त्याच्या दुकानापाशी आले की पलीकडच्या बाजूनं चालत होते. माणिकबाईंनी पेपर हातात घेतला, फोटोवरून बोट फिरवलं आणि परत गोदाताईंच्या हातात दिला.

"वाचा," त्या म्हणाल्या.

गोदाताई त्यांच्या बाजूला टेकल्या आणि हळू आवाजात वाचायला लागल्या. "फूलविक्रेते सागर निर्दोष. मोरोपंतांच्या खुनाशी…"

"थांबा," माणिकबाई म्हणाल्या. "मले वाचता येते, बाई. सकायीच वाचला मी, तीनदा. मले नका वाचून दाखवू." त्यांनी हातानं सगळी लायन दाखवली. "उभं राहून वाचा. जोरानं."

गोदाताई उठल्या. आयुष्यभर त्यांनी मेलेल्यांची नावं बसून, मनातल्या मनात वाचली होती. त्यांनी घसा खाकरला, पेपर दोन्ही हातांत उंच धरला आणि एका जिवंत माणसाचं नाव भर बाजारात पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.